वैकासीअखेर ताबा

नऊवारी लुगड्याची घडी एकट्या माणसाला जमत नाही. त्या दुपारी तिनं दोरीवरचं लुगडं ओढून काढलं आणि आतून हाक मारली, "अहो, या, टोकं धरा." मी तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, आडवा झालो होतो. ऊन कडक, डोळ्यावर झोप. कुरकुरत उठलो. मधल्या उघड्या चौकात ती एका टोकाला उभी, मी दुसऱ्या. मी ओढलं.

"तेर ओढताय काय? लुगडं आहे ते." देवाच्या रथाला आमच्याकडे तेर म्हणतात.

"तूच ढिलं धरतेस."

"ढिलं धरलं म्हणून इतकी वर्षं टिकलं. लुगडंही अन् तुम्हीही."

मग टोकाला टोक लावायला मी तिच्याकडे चालत गेलो, तिनं माझ्या हातातली टोकं घेतली, मी खाली आलेली घडी उचलून परत मागं सरलो. असं पुढं-मागं करत लुगडं लहान होत गेलं आणि शेवटी तिच्या काखेत मावलं. ती आत गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कशाला बघेल? रोजचंच होतं.

दुसऱ्या दिवशी कॉफीचं पाणी ठेवायला उठली, छातीत कळ येते म्हणाली, आणि मी वैद्याला घेऊन येईपर्यंत संपलं होतं. म्हणजे आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते लुगडं.

आता घराचं सांगतो. घर तिचं होतं. हे आधी सांगितलं नाही तर पुढचं कळायचं नाही. तंजावरात राजवाड्याच्या पलीकडे आमच्या मराठी लोकांच्या गल्ल्या आहेत, त्यातल्या एकीत हे घर. रुंदीला बैलगाडीएवढं, लांबीला मात्र मागच्या गल्लीपर्यंत. पुढं तिण्णै, मग चौक, मग स्वयंपाकघर, मागची खोली, तिच्या कडेनं बोळ, शेवटी विहीर. ती एकुलती एक. मागच्या खोलीत जन्मली, त्याच घरात लग्न झालं, त्याच घरात गेली. मी तिथं घरजावई. लग्नकार्यात स्वयंपाक करणारा आचारी मी, शिक्षण चार बुकं, बाळबोध अक्षर वडिलांनी शिकवलं तेवढंच. सासऱ्यानं मला घरात घेतलं ते मी त्याच्या घरी सांबार चांगला केला म्हणून. गल्लीतले लोक तोंडावर काही बोलत नसत, मागं मात्र "ते सासऱ्याच्या घरचे" असंच म्हणत. ती ऐकायची आणि घरी येऊन मला सांगायची, वर हसायची.

ती गेली आणि ते वर्ष मला कुणी कामाला बोलावलं नाही. घरात मरण होऊन वर्ष झालं नाही अशा, वर्षातल्या माणसाचा हात मंगलकार्याच्या भांड्याला लागू नये, ही रीत. मला ठाऊक होती, मीच दुसऱ्या आचाऱ्यांना ती लावली होती. तरी घरी बसल्यावर कळलं की रीत म्हणजे काय. शंभर माणसांचा भात अंदाजानं करणारा मी, एकट्याचा भात मला जमेना. रोज उरायचा. रात्री दाराला कडी मी लावायची, सकाळी मीच काढायची. तिच्या घरात मी पाहुण्यासारखा झालो, आणि पाहुणचार करायला कुणी नाही.

मुलगा तिरुच्चीला रेल्वेत. दर महिन्याला आईचं मासिक श्राद्ध करायला यायचा, रजेवरून साहेबाशी भांडून यायचा. प्रत्येक वेळी तेच.

"अप्पा, विकू. तुम्ही माझ्याकडे चला."

"तुझ्याकडे काय करू?"

"इथं काय करता?"

मी चिडायचो. पण पंगुनीच्या महिन्यात, म्हणजे उन्हाळा सुरू होताना, मीच त्याला म्हणालो, विकून टाक. घर खायला उठलं होतं.

घेणारा ओळखीचाच निघाला. पितळी भांड्यांचा दुकानदार चेट्टियार. लग्नाच्या मोठ्या भांड्यांसाठी माझं त्याच्याकडे जाणं-येणं होतं. भाड्याच्या घरात राहायचा, दुकानाच्या माडीवर. त्याची मुलगी पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण आईबापाकडे करायचं, आणि त्याचा घरमालक सांगून चुकला होता की माझ्या घरात बाळंतीण चालणार नाही. म्हणून त्याला घाई. त्याला वैकासीतला मुहूर्त धरून घरात शिरायचं होतं. वैकासी हा तमिळ लोकांचा महिना, आपल्या वैशाख-ज्येष्ठाच्या आसपास येतो. त्यानंतर आणी, मग आडी, या दोन्ही महिन्यांत ते लोक नव्या घरात दूध तापवत नाहीत. नव्या घरात पहिल्यांदा दूध तापवून उतू घालवायचं, तो त्यांचा गृहप्रवेश. आडीत तर मुलीचे दिवस भरत होते.

दस्त लिहिणाऱ्याच्या ओट्यावर आम्ही बसलो. त्यानं मोठ्यानं तमिळमध्ये वाचून दाखवलं. विहीर, झाड, दगड, जमिनीवर असलेलं आणि जमिनीखाली असलेलं, सगळं आलं त्यात. शेवटी, वैकासीअखेर घर रिकामं करून ताबा द्यावा.

"चालेल ना, रायरे?" चेट्टियारनं विचारलं. आम्हा मराठी लोकांना तिथं रायर म्हणतात.

"चालेल. वैकासीतच ती गेली. तिचं वर्षश्राद्ध वैकासीत येतं. ते आटोपलं की किल्ली घ्या."

मी माझ्या तोंडानं हे म्हणालो. मुलगा शेजारी बसला होता, तोही मान हलवत होता. मी बाळबोधीत सही केली. दस्तवाल्यानं कागद उलटासुलटा करून पाहिला. "काय हो, अक्षरं दोरीवर वाळत घातलीत काय?" सगळे हसले. मीही हसलो. चेट्टियारनं ताटात विड्याची पानं, सुपारी आणि विसार ठेवून ताट पुढं केलं. ताट घेतलं की शब्द गेला. मी घेतलं.

घरी पोचेपर्यंत मन फिरलं होतं. का, ते सांगता यायचं नाही. कुलपात किल्ली घातली आणि वाटलं, ही कुणाची किल्ली? मुलगा गाडी गाठायला गेला होता. मी तिण्णैवरच बसून राहिलो. समोरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय, झालं का?" मी म्हटलं, "झालं." तो म्हणाला, "बरं झालं, सुटलात." मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

पुढच्या आठवड्यात चेट्टियारचा गवंडी आला. चौकाला पत्रा घालायचा, उघडं कशाला ठेवायचं, असं म्हणत दोरी लावून मापं घेऊ लागला. मी त्याला म्हटलं, "अजून माझं घर आहे." तो म्हणाला, "होय तात्ता, मी कुठं नाही म्हणतो? जरा ते टोक धरा." तात्ता म्हणजे आजोबा. मी धरलं. नंतर मलाच कळेना, का धरलं.

मग चेट्टियारची आई आली. तिला सगळे आच्ची म्हणायचे. काटक म्हातारी, कानाच्या पाळ्या खांद्याला टेकलेल्या. भिंतींवर टकटक केलं, विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं, स्वयंपाकघरात नाक घालून आली. "पाणी गोड आहे. चूल चुकीच्या तोंडाला आहे. पण बाई नेटकी होती तुझी." कुणी तिला भूतकाळात घातलं की मला राग यायचा. मी स्वतः घालत होतो ते चालायचं.

असे दिवस चालले होते. रोज वाटायचं, जावं आणि ताट परत करावं. पण कारण काय सांगू? दर विचारावा, तर दर बरोबर होता. माणूस वाईट म्हणावा, तर माणूस चांगला. नुसतं मन फिरलं म्हणून शब्द फिरवायचा, हे मला शरमेचं वाटत होतं.

आणि कारण चालत घरी आलं.

चित्तिरै, म्हणजे वैकासीच्या आधीचा महिना चालू होता. मुलगा मासिकाला आला होता. भटजींनी कार्य उरकलं, जेवले, पान लावत बसले आणि म्हणाले, "यंदा एक मासिक जास्त आहे, ध्यानात ठेवा. हा वैशाख अधिक."

"अधिक?"

"मग? पाडव्याला पंचांग वाचलं नाहीत?"

"वर्षातल्या घरात कसला पाडवा?"

"हां, तेही खरं."

आता हे नीट सांगतो. आमचं बोलणं मराठी, आमचे महिने चंद्राचे. शेजारच्या तमिळ लोकांचे महिने सूर्याचे. चंद्राचं वर्ष तोकडं पडतं, म्हणून मधूनमधून एक महिना जास्तीचा घालतात, तो अधिक. त्या वर्षी आपले सण, आपल्या तिथ्या महिनाभर पुढं ढकलल्या जातात, तमिळ महिने आपल्या जागी राहतात. आमच्या घरात याची वाटणी होती. लग्नं वैकासीत, आवणीत, तैत, म्हणून तमिळ महिने माझ्याकडे. तिथ्या तिच्याकडे. एकादशी आज की उद्या, ग्रहण कधी, अधिक कधी, सगळं तिच्या तोंडावर. अधिक महिन्यात जावयाला जेवायला घालायचं असतं. तिची आई म्हणायची, "याला रोजच घालतो, आता वेगळं काय घालू?" आणि तरी घालायची. इतकी वर्षं अधिक आला की मला ताटावरून कळायचा. यंदा सांगणारी नव्हती आणि वाढणारी नव्हती. मुलगा तर इंग्रजी तारखांवर जगणारा. दस्ताच्या ओट्यावर आम्ही दोघं बापलेक बसलो होतो आणि तिच्या वर्षाचा दिवस तमिळ महिन्यानं मोजत होतो.

"मग तिची तिथी कधी येते?" मी विचारलं.

भटजींनी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. "ज्येष्ठ उशिरा लागतो. तिथी आणीत पडते."

"वैकासीत नाही?"

"नाही. वैकासी संपल्यावर."

मुलगा लगेच म्हणाला, "मग माझ्या क्वार्टरमध्ये करू. कर्ता मी. मी असेन तिथं होतं."

"क्वार्टर कुणाचं?" भटजींनी विचारलं.

"रेल्वेचं."

"मग आधी रेल्वेच्या पितरांना जेवू घाला."

मला हसू आलं, मुलाला आलं नाही. भटजींनी समजावलं. दुसऱ्याच्या जागेत श्राद्ध केलं तर जागेच्या धन्याचे पितर आधी हात धुऊन बसतात, आपल्या माणसाला काही पोचत नाही. स्वतःची जागा हवी. नाहीतर नदीकाठ, डोंगर, तीर्थ, जिथं कुणी धनी नाही अशी जागा. "तुमचं हे घर चांगलं आहे की," ते म्हणाले. "तिचंच घर. तिथंच करा."

"घर वैकासीअखेर द्यायचंय," मुलगा म्हणाला.

"मग त्यांच्याकडे दिवस मागून घ्या. नाही कोण म्हणेल?"

मला इतका आनंद झाला की सांगायला लाज वाटते. बायकोचं वर्षश्राद्ध चुकतंय आणि मी आनंदात. मला धरायला काहीतरी मिळालं होतं. नुसतं मन फिरलं असं आता म्हणावं लागणार नव्हतं. शास्त्र म्हणत होतं.

मुलानं ते ओळखलं. दारात चप्पल घालताना म्हणाला, "अप्पा, दिवस मागा. पण दिवसच मागा."

"मग काय मागणार आहे?"

"मला काय ठाऊक? तुमचं तोंड बघा आरशात."

तो गेला. मी दुपार कशीबशी काढली आणि संध्याकाळी चेट्टियारकडे निघालो. त्याच्या माडीचा जिना इतका उभा की हात टेकून चढावं लागतं. वर त्याची मुलगी खाली बसून भाजी निवडत होती, पोटामुळे पाय पसरून. "तात्ता, ताक घ्या," म्हणाली आणि उठायला लागली. मी म्हटलं, "बस तू." ती तरी उठली. भिंतीला धरून उठली, ताक आणलं, परत भिंतीला धरून बसली. आच्ची कोपऱ्यात सुपारी कातरत होती. चेट्टियार नुकताच दुकान मिटवून आला होता, हाताला पितळेचा वास.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. अधिक मास, तिथी, आणी. तो तमिळ माणूस, त्याला आधी कळेना.

"रायरे, वर्ष म्हणजे वर्ष ना? तुमचं वर्ष आमच्यापेक्षा लांब कसं?"

"यंदा आहे."

"आणि मागच्या वर्षी?"

"मागच्या वर्षी नव्हतं."

"बरी सोय आहे," आच्ची म्हणाली.

"सोय नाही, आच्ची. शास्त्र आहे."

"आणीत तुझं कार्य होणार. आणीत आम्ही घरात शिरत नाही. आडीत शिरत नाही. म्हणजे त्यापुढचा आवणी. मग ही कुठं बाळंत होणार? जिन्यावर?"

मुलगी भाजी निवडत राहिली. मान वर केली नाही.

चेट्टियार म्हणाला, "अम्मा, थांब जरा." मग मला म्हणाला, "आम्ही मुहूर्ताला दूध तापवतो, रायरे, आणि तुमचं कार्य तुम्ही त्यानंतर तिथंच करा. मी कुठं अडवतो?"

"एकदा तुमचं दूध उतू गेलं की घर तुमचं. मग तुमचे पितर जेवतील."

"आणि नव्या घरात पहिलं कार्य श्राद्धाचं?" आच्ची मुलावर ओरडली. "डोकं आहे का? पोटुशी पोरगी घरात!"

खाली रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. चेट्टियारनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि म्हणाला, "ठीक. गेलेल्या माणसाचं कार्य आहे, त्याच्या आड मी येत नाही. आवणीत घर द्या. हिला परत सासरी पाठवतो."

मुलीचे हात थांबले. पहिलं बाळंतपण सासरी, म्हणजे बापाला जागा नव्हती असंच लोक म्हणणार. तिलाही ऐकावं लागणार, जन्मभर. हे त्या माडीवर सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. तिनं भाजीची पुढची जुडी ओढून घेतली.

मला जे हवं होतं ते मिळालं होतं. मागितले त्याहून जास्त दिवस. निघायला हवं होतं, पण मी तिथंच उभा राहिलो. हा माणूस भांडला असता तर मी भांडलो असतो, आणि भांडणात करार मोडला असता, आणि मी घरी जाऊन म्हटलं असतं, बघ, मोडला. त्यानं तर सगळंच देऊन टाकलं.

आच्ची अडकित्ता खाली ठेवून म्हणाली, "आवणीत देशील?"

"देईन की."

"इकडं बघून सांग."

मी बघितलं. म्हातारीचे डोळे पांढुरके झालेले, पण नेमके माझ्यावर.

"बघू," मी म्हणालो.

"बघू म्हणजे?" ती मुलाकडे वळली. "ह्याला दिवस नकोत रे. ह्याला घर परत हवंय."

"होय, हवंय," मी म्हणालो. आवाज चढला माझा. "तिचं घर आहे. ती तिथं जन्मली. मी सही केली तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आता आहे. हवंय मला परत."

"मग तसं सांग. चंद्राला कशाला मधे घालतोस?"

चेट्टियार रागावला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "रायरे, उद्या सकाळपर्यंत सांगा. नको असेल तर ताट परत करा, मी कचेरीत जाणार नाही, गल्लीत बोलणार नाही. आवणी म्हणत असाल तर आवणी. पण मला टांगून ठेवू नका. हिला कुठं ठेवायचं ते मला ठरवायचंय."

मी घरी आलो. चौकात पाटावर बसलो. अजून उजेड होता. मनाशी म्हटलं, समजा, नाही म्हणून सांगितलं. ताट परत दिलं. मग? आणीत तिचं वर्ष या घरात होईल. भटजी जेवतील, मुलगा रात्रीच्या गाडीनं जाईल. दुसऱ्या दिवशी मी कडी काढीन. आडी येईल, आवणी येईल. लोक कामाला बोलावू लागतील, मी स्वयंपाक करून परत येईन आणि कुलूप काढीन. पुढच्या वर्षी परत तिथी येईल, ती याच घरात व्हायला हवी. त्याच्या पुढच्या वर्षीही. मी माझ्याकडे दिवस मागत बसणार आणि मीच देत बसणार. मधेच एखाद्या पंगुनीत घर खायला उठेल, मी दुसऱ्या कुणाला तरी सही देईन, आणि घरी पोचेपर्यंत माझं मन फिरेल. मला मी ओळखतो. माझं मन त्या घरापाशी नव्हतंच फिरत. ते ती गेली त्या सकाळपाशी जाऊन अडत होतं, आणि तिथला ताबा मला कुणीच देणार नव्हतं.

त्या पोरीची दया आली म्हणून मी ठरवलं, असं लिहिलं तर छान दिसेल. तसं नव्हतं. ती भिंतीला धरून उठली ते डोळ्यांसमोर येत होतं, हे खरं. पण त्यापेक्षा जास्त मला तिचा, माझ्या बायकोचा, राग आला होता. अधिक आहे म्हणून सांगायला तू नाहीस, म्हणून ही पाळी आली. असं मी त्या चौकात मोठ्यानं म्हणालो. शेजारच्या भिंतीपलीकडून बाईनं विचारलं, "काय हो, काही हवंय का?" मी म्हटलं, "काही नको."

सकाळी विहिरीवर अंघोळ केली आणि कॉफी न घेता चेट्टियारकडे गेलो. तो दुकानाच्या फळ्या काढत होता. आच्ची पायरीवर दात घासत बसली होती.

"वैकासीतला तुमचा मुहूर्त धरा," मी म्हणालो.

त्यानं फळी खाली ठेवली. "आणि तुमचं कार्य?"

"नदीवर करू. धरण उघडून पाणी येईल तोपर्यंत. नाही आलं तर वाळूत. वाळूला धनी नाही."

"नक्की, रायरे?"

"नक्की नाही. पण माझं मन फिरून मी परत यायच्या आत दूध तापवून घ्या."

आच्ची थुंकली, चूळ भरली आणि म्हणाली, "रडत देऊ नकोस. घराला लागतं ते."

"रडत नाही. रागानं देतोय."

"राग चालेल," ती म्हणाली. "राग जातो. कॉफी घे."

मी घेतली नाही. बाजारातून चुना घेतला, घरी येऊन मोठ्या मडक्यात पाणी ओतून त्यात टाकला. तो खदखदू लागला. वर्षाच्या आत घराला चुना लावत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण बाळंतिणीची खोली चुना लावल्याशिवाय कशी देणार? मागची खोली मी ती गेल्यापासून उघडली नव्हती. उघडली, सामान चौकात काढलं, कुंचा बांधला आणि एकट्यानंच भिंतीला लागलो.

तीन भिंती सरळ झाल्या. चौथीला जमिनीपासून हातभर उंचीवर तेलाचा मोठा डाग होता. तिची आजी, तिची आई, ती, डोक्याला तेल लावून सगळ्या तिथंच टेकून बसत आलेल्या. मी एक हात दिला. वाळला तसा डाग वर आला. दुसरा दिला, परत वर आला. तेलावर चुना धरत नाही, हे मला आचाऱ्याला कळायला हवं होतं. तेवढी जागा तशीच सोडून मी उरलेली भिंत घेतली.